दावणीपासून कड्यापर्यंत

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाची चढण लागली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगराच्या कुशीत वाड्या दिसू लागतात. यांतल्या एखाद्या वाडीत मे महिन्यात म्हातारा बैल मरतो तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखी शांतता पसरते. चारा संपत आलेला असतो, विहिरीने तळ गाठलेला असतो आणि कित्येक पावसाळे नांगर ओढलेला तो जीव एका सकाळी उठतच नाही. घरची बाई त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावते. मग माणसे अंगणात उभी राहून एकमेकांकडे पाहतात. त्या धुडाचे पुढे करायचे काय, हा प्रश्न आता सोपा राहिलेला नाही.

पूर्वी जनावर माळावर नेऊन टाकले की थोड्याच वेळात आभाळात काळे ठिपके फिरू लागत. एक गिधाड उतरले की त्याला पाहून दुसरे, दुसऱ्याला पाहून तिसरे, असे मैलोन्मैलावरून पक्षी गोळा होत आणि संध्याकाळच्या आत माळावर फक्त हाडांचा सापळा उरे. आज तोच बैल पुरायचा तर माणूसभर खोल खड्डा हवा. जांभ्यात आणि कातळात तो खणायचा तर चार-पाच धडधाकट माणसे हवीत, आणि वाडीतली तरणी माणसे मुंबईला. मग जनावर रात्रीच्या वेळी ओढ्याच्या काठाला लोटले जाते. कुत्री येतात, दुर्गंधी सुटते आणि मृगाच्या पहिल्या सरीला ते पाणी खालच्या गावाच्या दिशेने वाहू लागते.

या दोन चित्रांच्या मधे काय घडले आणि त्याची भरपाई करण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या या आतल्या भागात गुरे पाळणाऱ्यांना बरोबर घेऊन काय चालले आहे, हा पुढच्या पानांचा विषय आहे. विषय पक्ष्यांचा आहे, पण त्याची सुरुवात गोठ्यापासूनच करावी लागते.

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या भिंतीला पाठ टेकून बसले आहेत. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, तिथे रायगडाच्या बाजूने येणारी गांधारी तिला मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून हे पाणी समुद्राला जाते. नदीकाठाला भातशेती. वर चढत जावे तशी वरकस जमीन, नाचणी-वरीचे उतार आणि त्याहून वर गवताचे माळ. माळांच्या कडेला, कधी ऐन कड्याखाली, धनगरवाड्या. देशावरचा धनगर मेंढ्या राखतो; इथल्या पावसात मेंढी टिकत नाही, म्हणून इथला गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या गाई-म्हशी राखत आला. दूध-लोणी घेऊन खाली उतरायचे, भात-मीठ घेऊन वर चढायचे, असा त्याचा व्यवहार होता. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी सत्तरच्या दशकापासून या समाजाचा आणि त्याच्या रानाचा अभ्यास केला. गुरे, गवत, जंगल आणि माणूस यांचे गणित एकत्र मांडणारे ते आपल्याकडचे आरंभीचे काम होते. रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीची आख्यायिका तर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ, म्हणून कडा उतरून गेलेली ती गवळण होती. गडावर दूध पुरवणाऱ्या याच डोंगरवस्त्यांमधली.

ज्या कड्यांवरून ती उतरली असे म्हणतात, तसल्याच कड्यांच्या कपारींत लांब चोचीचे गिधाड घरटे करते.

माळ म्हणजे मोकळी, उगाच पडून असलेली जमीन, अशी समजूत सरकारी कागदांनी पक्की केली आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ प्रदेश सर्रास ‘पडीक’ या रकान्यात बसवले गेले. वास्तवात माळावर रोजची वर्दळ असते. गुरे चरत पुढे सरकतात तसे त्यांच्या खुरांनी उडालेले किडे टिपत गायबगळे मागून चालतात. म्हशीच्या पाठीवर कोतवाल बसतो आणि तिथून हवेत झेप घेऊन टोळ पकडतो. टिटवी घरटे म्हणून काही बांधतच नाही. गुरांनी खाऊन खुरटे केलेल्या जागी, खड्यांच्या मधे, खड्यांच्याच रंगाची अंडी घालते. चंडोल गवताच्या एखाद्या ठोंबाच्या आडोशाला वाटीएवढे घरटे करतो. लावे आणि मुनिया यांना मात्र उंच गवत लागते. म्हणजे एकाच माळावर कुठे खुरटे, कुठे कमरेएवढे, कुठे कापून नेलेले असे तुकडे असले की सगळ्यांची सोय लागते. हे तुकडे कुणी आखून केलेले नसतात. गुरे कुठल्या वाटेने जातात, कुणाचे गवत आधी कापले जाते, कुणाच्या वाट्याचे दिवाळीनंतरपर्यंत उभे राहते, यावर ते ठरते. चराई अजिबात थांबली की काय होते, तेही कोकणात पाहायला मिळते. चार-पाच वर्षांत घाणेरी आणि रानमोडी माजते, माळ झाकून जातो आणि टिटवीला अंडी घालायला उघडी जागा राहत नाही.

गिधाड या सगळ्यांहून वेगळे. ते ना गवतात घरटे करते, ना किडे खाते. पण माळावरच्या गुरांशी सर्वांत घट्ट बांधलेला पक्षी तोच आहे, कारण त्याचे पोट पूर्णपणे मेलेल्या गुरांवर चालते. आपल्या भाषेने त्याच्यावर अन्यायच केला आहे. ‘गिधाडासारखे टपून बसणे’ हा वाक्प्रचार आपण ज्याच्या त्याच्या माथी मारतो. रामायणातला जटायू वंदनीय, आणि आभाळात फिरणारा त्याचा वंशज अभद्र! वस्तुस्थिती अशी की गिधाड जिवंत जनावराच्या वाटेला जात नाही. त्याच्या पोटातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. गावाच्या आरोग्याचे हे काम ते हजारो वर्षे करत आले.

१९९०च्या आसपास भारतात गिधाडे काही कोटींच्या घरात असावीत, असा अंदाज आहे. इतकी, की त्यांची गणना करावी असे कुणाला वाटलेच नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे मान टाकून फांदीवर बसलेली दिसू लागली. काही दिवसांत ती खाली पडत. पाहता पाहता देशभर हेच. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या १९९२ ते २००७ या १५ वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. हजार होती तिथे एक उरले. लांब चोचीच्या गिधाडाची घट ९७ टक्क्यांच्या घरात होती. जगात इतक्या वेगाने ओसरलेले पक्षी फार थोडे.

कारण सापडायला २००४ साल उजाडले. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांची तपासणी करून दाखवले की दोषी आहे डायक्लोफेनॅक. माणसाच्या सांधेदुखीसाठी दिली जाणारी ही वेदनाशामक गोळी नव्वदच्या दशकात एकस्वाच्या बंधनातून सुटली, अतिशय स्वस्त झाली आणि जनावरांच्या दवाखान्यात पोहोचली. ताप आलेल्या, लंगडणाऱ्या, कास सुजलेल्या जनावराला एक सुई मारली की दुसऱ्या दिवशी ते उभे राही. ते वाचले तर प्रश्न नव्हता, औषध थोड्या दिवसांत शरीराबाहेर जाते. पण सुईनंतर दोन-तीन दिवसांत जनावर मेले आणि माळावर टाकले गेले, तर त्या मांसातला अंश गिधाडाच्या मूत्रपिंडांना निकामी करायला पुरतो. युरिक आम्लाचे पांढरे खडे त्याच्या आतड्या-काळजावर साचतात आणि पक्षी मरतो. त्यातही भयंकर भाग असा की प्रत्येक जनावर विषारी असण्याची गरज नव्हती. गणित मांडणाऱ्यांनी दाखवले की शंभरातले एकापेक्षाही कमी मढे दूषित असले तरी एवढी घसरण होऊ शकते, कारण एका बैलावर पन्नास-पन्नास पक्षी उतरतात. आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात.

इथे गुरे पाळणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे आणि ते साफ चुकीचे आहे. ऐन आषाढात, चिखलणी चालू असताना बैल लंगडा झाला तर ज्याच्याकडे दोनच बैल आहेत त्या शेतकऱ्याचे वर्ष जाते. दवाखाना दूर, रस्ता दरडीने बंद, आणि हाताशी असलेली बाटली काम करते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले. त्याने ती वापरली. ते औषध कुठल्या पक्ष्याला मारते, हे त्या काळात शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हते. त्याने जीव वाचवण्यासाठी सुई मारली, एवढेच खरे. पुढे ज्यांनी या कामाला हात घातला, त्यांनी ही गोष्ट नीट ओळखली म्हणून त्यांना गावात पाऊल टाकता आले.

महाडची ‘सिस्केप’ ही संस्था आणि तिचे संस्थापक प्रेमसागर मेस्त्री यांचे नाव या संदर्भात पहिल्यांदा घ्यावे लागते. दोन दशकांहून अधिक काळ ही माणसे रायगड जिल्ह्यातल्या गिधाडांच्या मागे आहेत. महाडच्या पश्चिमेला म्हसळा तालुक्यात चिरगाव नावाचे गाव आहे. तिथल्या रानातल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी टिकून असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. महाड तालुक्यात नाणेमाचीच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती. कडा खालून पाहिला तरी कळते. कपारींखाली चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसतात. ज्या कपारीखालचा ओघळ ताजा, ती नांदती.

पक्षी सापडले, पण त्यांना खायला काय? जंगलात कुंपण घालून हा प्रश्न सुटणारा नव्हता. तेव्हा गावोगाव फिरून लोकांना एवढेच सांगितले गेले की जनावर मेले तर कळवा. निरोप आला की गाडी जाते, जनावराला शेवटच्या दिवसांत काय आजार होता आणि कुठले औषध दिले होते याची विचारपूस होते, आणि धोका नसेल तर ते मढे गिधाडांच्या खाण्यासाठी ठरवलेल्या जागी नेऊन टाकले जाते. मालकाचा खड्ड्याचा त्रास वाचतो, ओढा स्वच्छ राहतो, पक्ष्याला अन्न मिळते. शाळांमधून मुलांना घरटी दाखवली गेली, वनखात्याचा हात मिळाला आणि हळूहळू चिरगाव ‘गिधाडांचे गाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जिथे आधी घरटी असलेल्या झाडावर कुऱ्हाड सहज पडे, तिथे गावकरी त्या झाडांची राखण करू लागले. जिल्ह्यातच मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यातही वनखात्याने गिधाडांसाठी अशी खाण्याची जागा केली.

या कामात उपदेश थोडा आणि ओझी वाहणे फार आहे. उन्हाळ्यात दोन दिवसांचे मढे गाडीत चढवणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल.

आणि इथे थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे. पूर्वी जनावर माळावर नेऊन टाकले जाई, असे वर सहज लिहिले गेले. ते नेणारे हात कुणाचे होते? गावगाड्यात मेलेले ढोर ओढणे हे काम महार समाजावर जन्माने लादलेले होते. कातडे सोललेले जनावर गिधाडांना लगेच खाता येई, दुपारपर्यंत माळ साफ होई, आणि त्या सफाईचे श्रेय व्यवस्थेला मिळे. अपमान मात्र ओढणाऱ्याच्या वाट्याला. ही व्यवस्था नाकारण्याची हाक ज्या गावातून घुमली, ते महाडच. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या बहिष्कृत परिषदेसाठी हजारो माणसे इथे जमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, लाचारीची कामे सोडा, असे त्यांना बजावले आणि २० तारखेला ती माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. महाडमध्ये गिधाडांसाठी मढी उचलण्याची गोष्ट करताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. गिधाडांच्या जुन्या सुगीच्या आठवणी काढून हळवे होणाऱ्यांनी तर तो आधी वाचावा. पक्षी परत यावेत, ती रीत परत येऊ नये. म्हणूनच ज्याचे जनावर त्याने खांदा द्यावा, संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, ते कुठल्याही जातीचे असोत, हात लावावा, आणि हे काम कुणाकडून मजुरीने करून घ्यायचे असेल तर हातमोजे, गाडी आणि पुरते दाम देऊन घ्यावे, याला दुसरा पर्याय नाही. यात जी सवलत मागितली जाईल ती चूक असेल.

गुरेवाल्यांना वगळून पक्षी राखण्याचा प्रयोगही महाराष्ट्राने केला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, आणि त्यात गावे, शेते, रस्ते असे सगळेच आले. जमिनीचे व्यवहार अडले, चराईवरून खटके उडाले आणि माळढोकाचे नाव काढले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले, आणि आज तिथे माळढोक दिसणे हीच बातमी होते. नान्नजच्या वनरक्षकांनी कष्ट केले नाहीत असे नाही, गवताचे कुरण त्यांनी राखलेच. पण ज्यांच्या गुरांनी आणि ज्यांच्या कोरडवाहू ज्वारीने तो पक्षी शतकानुशतके सांभाळला, ती माणसे विरोधात गेली. याउलट अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच हाताशी धरले. जे तणमोर फाशात पकडत, तेच त्याची घरटी कुठे आहेत ते सांगू लागले, राखू लागले. रान ज्याच्या पायाखालचे, त्याला खबर आधी लागते.

नेपाळचे उदाहरण महाडच्या अधिक जवळचे. नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौलीत २००६ मध्ये गावकऱ्यांनी आणि तिथल्या पक्षिमित्रांनी ‘जटायू रेस्टॉरंट’ सुरू केले. भाकड, म्हाताऱ्या गाई शेतकऱ्यांकडून घ्यायच्या, त्या नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळायच्या, विषारी औषध त्यांना लागू द्यायचे नाही, आणि मेल्यावर त्या गिधाडांना वाहायच्या. गाईची हत्या नाही, शेतकऱ्यावर म्हाताऱ्या जनावराचा भार नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. काम सरलेला बैल मालकाच्या दावणीलाच राहतो आणि त्याच्या वैरणीचा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. पिठौलीसारखी सोय इथल्या एखाद्या गोशाळेला जोडून का होऊ नये, याचा विचार करायला हरकत नाही. स्पेनमध्ये तर उलटेच घडले. वेड्या गाईच्या रोगाच्या भीतीने २००२ नंतर युरोपात मेलेली गुरे उघड्यावर टाकण्यास मनाई झाली. माळावर अन्न नाहीसे झाले, गिधाडे उपाशी पडली, आणि शेवटी काही वर्षांनी नियम सैल करून मेंढपाळांना मढी पुन्हा माळावर ठेवण्याची मुभा द्यावी लागली.

आपल्या कायद्याची चाल संथ, पण दिशा बरोबर आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीची मोठी बाटली मेडिकलच्या दुकानातून गोठ्यात पोहोचतच होती, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपेक्षा मोठी करू नये असा नियम झाला. बैलाला पुरेल इतके औषध घ्यायचे तर मूठभर कुप्या फोडाव्या लागतात. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधेही गिधाडांना मारक ठरली, त्यांना जनावरांसाठी २०२३ मध्ये मनाई झाली. अ‍ॅसिक्लोफेनॅकचे तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होते. त्यानंतर निमेसुलाइडवरही बंदी आली. दुखणे कमी करणारे आणि गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम बाजारात उपलब्ध आहे. म्हणजे जनावराला वेदनेत ठेवा, असे कुणी गुराख्याला सांगत नाही. बाटलीवरचे नाव वाचा, इतकेच मागणे आहे.

एका तालुक्याने नीट वागून मात्र भागत नाही. गिधाड अन्नाच्या शोधात दिवसाला शंभर किलोमीटर सहज फिरते. महाड मध्यभागी धरून १०० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात अलिबाग, चिपळूण, सातारा आणि पुणे शहरही येते. नाणेमाचीच्या कपारीतला पक्षी सकाळी उडून घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावाच्या वेशीवर उतरू शकतो. तिथला गोठाही मग याच गोष्टीचा भाग ठरतो.

संकटे एकाच वाटेने येत नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यातली शेकडो वर्षांची झाडे मुळांसकट आडवी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला घरट्यासाठी उंच झाडच लागते, आणि तसे झाड माणसाच्या एका हयातीत उभे राहत नाही. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी रोग आला. साथीच्या रोगाने मेलेली जनावरे पुरावीच लागतात, ते योग्यच आहे, पण तेवढे अन्न माळावरून कमी होते. आणि सर्वांत खोल बदल दावणीतच झाला आहे. पॉवर टिलर आल्यापासून बैलजोड्या मोडल्या. कोंडा-कोंडांतून गोठे रिकामे पडले आहेत. मुंबईला गेलेला मुलगा पिशवीतले दूध पितो आणि गावाकडची म्हातारी एक गाय कशीबशी सांभाळते. गुरेच राहिली नाहीत तर गिधाडांना निर्धोक मढी कुठून द्यायची? पक्षी वाचवायचा तर त्या म्हातारीची गाय परवडली पाहिजे, हा निष्कर्ष टाळता येत नाही. दूध उचलणारी गाडी वाडीपर्यंत येणे, गुरचरण जमिनी अतिक्रमणातून सोडवणे, फऱ्या-घटसर्पाच्या लसी पावसाळ्याआधी वेळेवर टोचल्या जाणे, ही सगळी पक्षिसंवर्धनाचीच कामे समजावीत.

गिधाडे गेल्याची किंमत माणसाने किती मोजली, याचाही हिशेब आता मांडला गेला आहे. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले आहे की २००० ते २००५ या काळात भारतात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे सुमारे ५ लाख माणसे जास्तीची दगावली असावीत. सडणाऱ्या मढ्यांनी पाणी नासले, भटकी कुत्री वाढली, रेबीज पसरला. ज्या ओढ्याच्या काठाला पोलादपूरचा तो बैल लोटला गेला, तसे ओढे या आकड्यात कुठेतरी आहेत.

उरतो वणवा. महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर माघ-फाल्गुनात रात्री आगीच्या माळा दिसतात. नवे गवत जोमाने फुटते या समजुतीने कुणी काडी लावतो, कुणी बांध जाळताना हयगय करतो, कुणाची विडी पडते. पावसाला अजून तीन-चार महिने असतात. त्या काळात गुरांना लागणारे वाळके गवत एका रात्रीत राख होते. टिटवीची, चंडोलाची अंडी ऐन याच दिवसांत जमिनीवर असतात. गिधाडाचे पिल्लू या सुमारास घरट्यात असते, पंख फुटलेले पण उडता न येणारे, आणि कड्याखालून धुराचे लोट वर चढतात. गवत जाळणे गुराख्याच्या तोट्याचे आणि पक्ष्याच्याही. वणव्यापुरते या दोघांचे हित एकच असल्याने बोलणी इथून सुरू करणे सोयीचे जाते. दिवाळीनंतर गवत कापून झाले की माळाच्या कडेने रुंद पट्टा साफ करून ठेवणे, एवढ्याने आग अडते. काही वाड्या तो काढतात. सगळ्यांनी काढायला हवा.

पुढची पाने वाचणाऱ्यांत कुणी गुरे पाळणारा असेल, कुणाचे गावाकडे गोठ्यात एखादे जनावर बांधलेले असेल. त्याने पुढच्या खेपेला डॉक्टर आले की बाटलीवरचे नाव विचारावे आणि मेलॉक्सिकॅम द्यायला सांगावे. जनावर दगावलेच, तर त्याला शेवटचे औषध कोणते आणि कधी दिले ते आठवून ठेवावे, आणि पुरण्याआधी वनखात्याला किंवा गिधाडांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना निरोप द्यावा. मुंबईकराने शिमग्याला गावी आल्यावर डोंगराला काडी लागताना दिसली तर गप्प बसू नये. नाणेमाचीच्या कड्यावर दिवाळीच्या मागेपुढे जोड्या कपारींत काटक्या नेऊ लागतात. त्या वर्षीचे अंडे एकच असते.